न उघडणारी लिंक : अक्षरांचा रंग, गोष्टीचा मूड आणि माझा लाल पेन



आज माझ्याच एका चुकीबद्दल लिहिते आहे. सातवीच्या एका मुलीने संगणकावर बनवलेली गोष्ट मी तपासत होते. चौथ्या पानावर एक लिंक होती. दाबली, काहीच झालं नाही. पुन्हा दाबली, तरी नाही. मी तिच्या वहीत लाल पेनाने लिहिलं, "पान ४ : लिंक उघडत नाही. दुरुस्त कर." आणि पुढच्या गटाकडे वळले. ती लिंक बिघडलेली नव्हती, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. ते कसं कळलं आणि त्यातून आमच्या वर्गाचं गोष्टी लिहिणं कसं बदललं, ते सांगते.

आधी हा प्रकार काय आहे ते थोडक्यात, कारण बऱ्याच जणांना तो नवीन असेल. संवादी गोष्ट म्हणजे वाचणाऱ्याने निवड करत पुढे न्यायची गोष्ट. "जंगलात जायचं असेल तर अमुक पान उघडा, घरी परतायचं असेल तर तमुक पान उघडा" अशी इंग्रजी पुस्तकं काहींनी पाहिली असतील. अमेरिकेत १९७९ साली एडवर्ड पॅकर्ड यांच्या पुस्तकाने 'चूज युअर ओन ॲडव्हेंचर' ही मालिका सुरू झाली आणि ती मुलांनी डोक्यावर घेतली. संगणकावर हा प्रकार त्याच्याही आधी आला. विल क्राउदर यांनी १९७६ च्या सुमारास एक गुहेचा खेळ लिहिला होता. त्यात चित्र नव्हतं, नुसता मजकूर. खेळणाऱ्याने शब्द टाइप करायचे आणि गुहेत पुढे जायचं.

आम्ही वापरलं ते 'ट्वाइन'. ख्रिस क्लायमस यांनी २००९ मध्ये बनवलेलं हे साधन मोफत आहे. एकेक पान म्हणजे पडद्यावर एक चौकोन. शब्दाभोवती दुहेरी चौकटी कंस टाकले की त्याची लिंक होते आणि बाण जोडून पुढचा चौकोन आपोआप तयार होतो. मराठी टायपिंग व्यवस्थित चालतं. पूर्ण गोष्ट एका फाइलमध्ये साठते आणि ती फाइल नेट नसतानाही ब्राउझरमध्ये उघडते. आमच्या जिल्हा परिषद शाळेत चालू स्थितीतले संगणक चार आणि लाईनचा भरवसा नाही. त्यामुळे ही शेवटची गोष्ट आमच्यासाठी सगळ्यात मोलाची.

पहिला आठवडा : लग्नपत्रिका

मुलांनी दोन दिवसांत लिंका करायला शिकून घेतलं. तिसऱ्या दिवशी कोणाला तरी सापडलं की अक्षरांना रंग देता येतो. मग काय विचारता! गुलाबी पान, त्यावर पिवळी अक्षरं, लिंका लाल, काही शब्द थरथरणारे, काही धूसर. ट्वाइनमध्ये या सगळ्या तयार सोयी आहेत, त्यामुळे मुलांना अडवणारं काहीच नव्हतं. लग्नपत्रिका आणि वाढदिवसाचा बॅनर एकत्र केल्यासारखं दिसत होतं.

एका गटाची गोष्ट भुताची होती. वाचून कोणीच घाबरेना, उलट सगळे हसायला लागले. गटातला एक जण हिरमुसून म्हणाला, "म्याडम, आमचा भूत हासवते कायले?"

प्रश्न चांगला होता. उत्तर मला लगेच देता आलं नाही. "रंग कमी करा" एवढंच म्हणाले असते तर त्यांनी कमी केले असते, पण का, ते कळलं नसतं.

मंडईतला लाईट

उत्तर मुलांकडेच होतं. आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगावी मंडई भरते. दिवसा दंडार, रात्री नाटक. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर हा सगळा झाडीपट्टी रंगभूमीचा पट्टा. तिकडे वडशाला तर नाटक कंपन्यांचं केंद्रच आहे. आमच्या मुलांनी पुण्या-मुंबईच्या मुलांपेक्षा जास्त नाटकं पाहिलेली असतात, तीही रात्र रात्र जागून.

मी विचारलं, "नाटकात लाईट कधी बदलते?"

दहा हात वर. एक जण म्हणाला, "पयले साधा लाईट रायते. खलनायक आला का लाल. रात्र असली का निळा."

"मग सुरुवातीपासून शेवटपर्यंत लालच ठेवला तर?"

थोडा विचार करून तो म्हणाला, "मंग खलनायक आला हे कसा समजन?"

हा धडा मी फळ्यावर लिहून ठेवला : साधा लाईट असेल तरच लाल लाईट कळतो. ट्वाइनचं आमचं रूप मुळात साधंच होतं. पांढरं पान, काळी अक्षरं, निळ्या लिंका. ठरलं असं, की बहुतेक पानं तशीच ठेवायची आणि एका गोष्टीत बदल फक्त दोनदा करायचा. कुठे करायचा ते गटाने ठरवायचं आणि कारण वहीत एका ओळीत लिहायचं.

भुताच्या गटाने मग सगळी पानं साधी केली. भूत येण्याच्या एक पान आधी लिंकेचा निळा रंग काढून टाकला. वाचणाऱ्याला पुढे जायची वाटच दिसेना. बोटाने चाचपडत शेवटी "विहीर" या शब्दाला हात लागला की पुढचं पान, आणि ते काळं. या वेळी वर्गात कोणी हसलं नाही.

कोणता रंग काय सांगतो

इंटरनेटवर रंगांचे तक्ते मिळतात. लाल म्हणजे धोका, निळा म्हणजे उदासी, वगैरे. मी तो तक्ता दाखवायच्या आधी मुलांना विचारलं, की रंगाचं नाव घेतल्यावर पहिलं काय आठवतं ते लिहा.

लाल : कुंकू, मिरची, आणि बऱ्याच जणांनी लिहिलं "म्याडमचा पेन". हिरवा : रोवणी झालेली बांधी. पिवळा : हळद, कापणीला आलेला धान. काळा : लाईन गेली. निळा : शाळेचा गणवेश, आभाळ, आणि पुष्कळ वह्यांत १४ एप्रिलची मिरवणूक. बाबासाहेबांनी १९५४ ची लोकसभेची पोटनिवडणूक लढवली ती याच भंडाऱ्यातून. आमच्या गावांत निळा रंग उत्साहाचा आहे. निळा म्हणजे उदास असं एकाही मुलाने लिहिलं नाही. ती इंग्रजीची सवय आहे, आपली नाही. तक्ता मी दाखवलाच नाही.

तेव्हा आपल्याकडे गोष्ट वाचणारं कोण आहे, त्याला या रंगावरून काय आठवेल, हे आधी विचारायला हवं. वैनगंगेकाठच्या मुलाला मातकट तपकिरी रंग काय आठवून देतो, हे कुठल्याच तक्त्यात नसतं. त्याकडे पुढे येतेच.

एकच परिच्छेद, तीन कपडे

हा उपक्रम तुम्ही कोणत्याही इयत्तेला घेऊ शकता. मी तीन वाक्यं दिली :

"तलावाच्या पाळीवर संध्याकाळ झाली होती. पाण्यात कोणीतरी दगड टाकला. मी मागे वळून पाहिलं."

मामा तलावाची पाळ सगळ्यांच्या पायाखालची, त्यामुळे समजावून सांगायची गरज पडली नाही. एका गटाला भीती, एकाला गंमत, एकाला शांतता. शब्द एकही बदलायचा नाही, फक्त दिसणं बदलायचं. मग बाकीच्यांनी ओळखायचं, की कोणाचं काय.

सगळं बरोबर ओळखलं गेलं. पण पान पुन्हा पाहिल्यावर लक्षात आलं, की काम रंगाने फार केलंच नव्हतं. गमतीच्या गटाने तिन्ही वाक्यं एकदम, मोठ्या गोल अक्षरांत दाखवली होती. शांततेच्या गटाने ओळींमध्ये भरपूर जागा सोडली होती. भीतीच्या गटाने एका वेळी एकच वाक्य दाखवलं. "पाण्यात कोणीतरी दगड टाकला" आणि बाकी पान रिकामं. दाबल्याशिवाय पुढचं वाक्य नाही. मागे वळून पाहायचं काम वाचणाऱ्याच्या बोटाला करावं लागत होतं. भीती त्या थांबण्यात होती.

देवनागरीच्या अडचणी

या विषयावरचं बहुतेक मार्गदर्शन इंग्रजी लिपी डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेलं आहे. ते जसंच्या तसं मराठीला लागू होत नाही. आमच्या अनुभवातले चार मुद्दे देते.

एक. अक्षरांमधलं अंतर वाढवलं की इंग्रजी शब्द संथ, गूढ वाटतो. मराठी शब्दाची मात्र शिरोरेखा तुटते आणि तो तुकडे झाल्यासारखा दिसतो. म्हणून हे टाळावं. एका गटाने मात्र तुटलेली शिरोरेखा मुद्दाम वापरली. थंडीने कुडकुडणाऱ्या म्हाताऱ्याचं बोलणं त्यांनी तसं दाखवलं आणि ते छान जमलं.

दोन. मनातला विचार दाखवायला इंग्रजीत तिरपी अक्षरं वापरतात. आपल्या लिपीत ती परंपरा नाही. बऱ्याचदा ब्राउझर सरळ अक्षरच नुसतं वाकवतो आणि ते पडायला आल्यासारखं दिसतं. आम्ही मनातले विचार थोड्या फिक्या रंगात लिहिले.

तीन. लिंकेखाली रेघ मारली की ती उकार, ऋकार यांना भिडते. वर शिरोरेखा, खाली रेघ, आणि मधे कोंडलेला शब्द. "तू", "पूर", "मृग" असे शब्द लिहून पाहा म्हणजे कळेल. रेघ थोडी खाली सरकवता येते किंवा तुटक ठेवता येते. तेवढं केलं की पुरतं.

चार. आपल्या अक्षरांना वर मात्रा, वेलांटी, रफार आणि खाली उकार असतात. इंग्रजीसाठी ठेवलेलं ओळींमधलं अंतर आपल्याला अपुरं पडतं. दीडपटीपेक्षा थोडं जास्त ठेवलं की लहान मुलांना वाचायला सोपं जातं.

फॉन्टचं म्हणाल तर मुंबईच्या एक टाइप या गटाने बनवलेले 'मुक्ता' आणि 'बालू' मोफत मिळतात. मुक्ता साधा आहे, बालू गोल आणि जाडसर. आमच्या गमतीच्या गटाने बालूच घेतला होता. पण लक्षात ठेवा, आपल्या संगणकावर असलेला फॉन्ट पालकांच्या मोबाईलवर असेलच असं नाही. नसेल तर मोबाईल स्वतःकडचा फॉन्ट दाखवतो आणि मुलाची मेहनत दिसतच नाही. म्हणून सगळा मूड फॉन्टवर टांगू नये.

लिंक कोणत्या शब्दावर?

मी फळ्यावर एक वाक्य लिहिलं : "आजीने दार उघडलं आणि कंदील पुढे केला." आणि विचारलं, लिंक कशाला करायची?

"दार" ला केली तर वाचणाऱ्याला आत जावंसं वाटतं. "कंदील" ला केली तर बाहेर अंधार आहे हे जाणवतं. "आजीने" ला केली तर आजीबद्दल काहीतरी लपलेलं आहे असा संशय येतो. वाक्य तेच. मुलांनी यावर अर्धा तास वाद घातला. व्याकरणाच्या तासाला कर्ता-कर्म-क्रियापदावर इतकं बोललेली ही मुलं मी पाहिली नव्हती.

पान उघडल्यावर डोळा आधी लिंकेवरच जातो. म्हणून आम्ही नियम केला, की पानावरच्या नुसत्या लिंका मोठ्याने वाचून पाहायच्या. "पळ", "लप", "ओरड" एवढं ऐकलं तरी मूड कळतो. "पुढे जा", "पुढे जा", "पुढे जा" असं ऐकू आलं तर त्या पानावर वाचणाऱ्यासाठी काहीच नाही.

आता ती लिंक

पुढचा विषय दिला होता "पाणी". बहुतेकांनी तलाव, विहीर, पाऊस यावर लिहिलं. एका मुलीने २०२० च्या पुरावर लिहिलं.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. त्या वर्षी ऑगस्टच्या शेवटी वरच्या बाजूला, मध्य प्रदेशात जोरदार पाऊस झाला. शिवनी जिल्ह्यातल्या संजय सरोवराचं पाणी सोडलं गेलं आणि वैनगंगा पात्राबाहेर आली. गोसीखुर्दचे ३३ दरवाजे उघडे होते, तरी भंडारा शहरातल्या वस्त्या आणि काठची अनेक गावं पाण्यात गेली. कोरोनामुळे शाळा बंदच होत्या. आमच्या वर्गातली बरीच मुलं तेव्हा दहा-अकरा वर्षांची होती.

या मुलीची गोष्ट पाच पानांची. अक्षरं साधी काळी, लिंका साध्या निळ्या. तिने माझ्याकडे एकच मदत मागितली : "म्याडम, पानाले खालून मातीचा रंग पायजे. पयल्या पानाले थोडासा, मंग वाढत जाईन." मी ते करून दिलं. पानाच्या तळाशी मातकट पट्टा, प्रत्येक पानाला थोडा वर चढणारा. मजकुराला मिळणारी जागा कमी होत जायची. पाणी चढतं आहे असं तिने कुठेही लिहिलं नव्हतं.

लिंकाही कमी होत गेल्या. पहिल्या पानावर पाच : भांडी वर ठेव, धान्याचं पोतं उचल, धाकट्याला उठव, कागदांची पिशवी घे, बॅटरी शोध. चौथ्या पानावर तीन उरल्या : "बाबांच्या मागे जा", "आईचा हात धर", "वासराचं दावं सोड". यातली तिसरी उघडत नव्हती. म्हणून माझा लाल पेन चालला.

दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन आली. म्हणाली, "म्याडम, ते तुटली नाई. ते लिंकच नाई. म्या नुसता निळा रंग देल्ला."

"मग कशाला दिलास?"

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मले तवा सुचलाच नाई. वाचनाऱ्याले दिसते, मले नाई दिसला."

घरातली मोठी गुरं वडिलांनी सोडली होती. वासरू मागच्या बाजूला बांधलेलं होतं. सगळे शाळेच्या इमारतीत पोचल्यावर कोणाला तरी आठवलं. ते वासरू रोज तिच्या हातून पेंड खायचं.

मी शिक्षिका असल्यामुळे त्याही क्षणी सुधारणा सुचवली, हे कबूल करते. म्हटलं, "मग त्या शब्दांवर आडवी रेघ मार ना. म्हणजे हे करता येत नाही असं वाचणाऱ्याला कळेल."

तिने मान हलवली. "खोडला म्हंजे मले मायीत होता, पन केला नाई, असा होते. तसा नव्हता."

मला पुढे वाचताना कळलं, की आडव्या रेघेची युक्ती जगात वापरली गेली आहे. झोई क्विन यांच्या २०१३ मधल्या 'डिप्रेशन क्वेस्ट' या ट्वाइनवरच बनवलेल्या खेळात नैराश्य आलेल्या माणसाची गोष्ट आहे. त्यात "मित्रांना भेटायला जा" अशासारखे चांगले पर्याय दिसतात, पण खोडलेले. त्या माणसाला ते कळतात, पण त्याच्याने होत नाहीत. (तो खेळ मोठ्यांसाठी आहे, मुलांना देऊ नये.) तिथे रेघ बरोबर आहे. आमच्या मुलीचं म्हणणं वेगळं होतं. तिच्या गोष्टीत तो पर्याय त्या रात्री नव्हताच. तो नंतर, आठवताना दिसायला लागला. म्हणून तो चांगल्या लिंकेसारखाच दिसायला हवा, आणि दाबल्यावर काही व्हायला नको. सातवीतल्या मुलीने हा फरक ओळखला होता आणि मी तो दुरुस्त करायला निघाले होते.

मी तिच्या वहीतला माझा शेरा खोडला. खाली लिहिलं, "लिंक बरोबर आहे."

वर्गात दाखवायच्या आधी मी तिच्या आईशी बोलले आणि तिलाही विचारलं. अशा गोष्टी परस्पर वर्गापुढे आणू नयेत. दोघी हो म्हणाल्या. गोष्टीवर नाव घालायचं नाही असं ठरलं, म्हणून इथेही ते देत नाही.

वर्गात एका मुलाने ती लिंक सात-आठ वेळा दाबली. "म्याडम, कम्प्युटर हँग झाला," म्हणाला. कोणी काही बोललं नाही. शेवटी त्याने "आईचा हात धर" निवडलं आणि गोष्ट संपवली. मग तिच्याकडे वळून म्हणाला, "मी तर वासराकडेच गेलो असतो."

ती म्हणाली, "मी बी."

पालक सभेच्या दिवशी तिचे वडील आले होते. मोबाईलवर गोष्ट उघडून दिली. त्यांनीही ती लिंक दाबली, दोनदा. मग मोबाईल मला परत दिला आणि मुलीला म्हणाले, "तो काम तुहा नव्हता, बाई. माहा होता." एवढंच. सभा सुरू व्हायची होती, आम्ही आत गेलो.

आता मी काय करते

या अनुभवानंतर माझ्या पद्धतीत काही बदल झाले. जमले तर वापरून पाहा.

१. तपासताना पहिला प्रश्न : "हे मुद्दाम केलं आहेस का?" चूक असेल तर मूल लगेच सांगतं. मुद्दाम असेल तर कारण सांगतं, आणि ते कारण वर्णनात्मक नोंदीत लिहिण्यासारखं असतं.

२. रंग निवडायच्या आधी वहीत दोन ओळी : या पानावर गोष्टीतल्या माणसाला काय दिसतंय? त्याला काय दिसत नाही? लिंका त्यावरून ठरवायच्या, रंग सगळ्यात शेवटी.

३. लिंकेचं वागणं म्हणजे त्या माणसाची अवस्था. साधी लिंक म्हणजे वाट मोकळी आहे. खोडलेली म्हणजे कळतं पण जमत नाही. मजकुराच्या रंगात लपलेली म्हणजे वाट शोधावी लागते. उशिरा उमटणारी म्हणजे धीर गोळा होतो आहे. दिसते पण उघडत नाही, म्हणजे काय, ते मी एका मुलीकडून शिकले. एका गोष्टीत यातली एकच युक्ती, तीही एकदा. दोनदा केली की वाचणारा सावध होतो.

४. वाचता येणं सगळ्यात आधी. अक्षर आणि पान यांच्या उजळपणात किमान ४.५ ला १ एवढं प्रमाण असावं असा वेब सुलभतेचा आंतरराष्ट्रीय निकष आहे. सोप्या भाषेत, उन्हात मोबाईल धरून वाचता आलं पाहिजे. आमच्या एका मुलाला हिरव्या पानावरच्या लाल लिंका दिसतच नव्हत्या. आम्हाला वाटलं त्याचं लक्ष नाही. लाल-हिरवा फरक त्याला कळत नाही हे त्या दिवशी समजलं आणि पालकांना नेत्रतपासणी करून घ्यायला सांगितलं. तेव्हापासून लिंकेला रंगासोबत खाली तुटक रेघही असते. लपवायचीच असेल तर ती मुद्दाम लपवलेली आहे हे वहीत लिहून.

५. लुकलुकणारी अक्षरं नकोत. सेकंदात तीनपेक्षा जास्त वेळा चमकणारं काहीही काही मुलांना त्रासदायक, फिट येणाऱ्या मुलांना धोकादायक ठरू शकतं. मुलं याचा हट्ट धरतात, पण इथे नाही म्हणायचं.

संगणक नसेल तर

हे सगळं कागदावरही होतं. आमच्याकडे लाईन गेली की आम्ही तेच करतो. जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजू कापून पानं करायची. प्रत्येक पर्यायासाठी कागदाची छोटी खिडकी, ती उचलली की खाली पुढच्या पानाचा नंबर. स्केचपेन दोनच, एक काळा आणि गटाने निवडलेला दुसरा एक. उशिरा दिसणाऱ्या पर्यायासाठी घडी. न उघडणाऱ्या पर्यायासाठी चारही बाजूंनी चिकटवलेली खिडकी. मुलं ती नखाने उचकटायला बघतात. त्यांना बघू द्या.

पालकांनाही एक विनंती. मूल मोबाईलवर किंवा वहीत काहीतरी विचित्र दिसणारं करत असेल, अक्षरं फिकी, पान रिकामं, एखादा शब्द भलत्याच जागी, तर "हे काय गचाळ केलंस?" म्हणण्याआधी एकदा विचारा. बहुतेक वेळा उत्तर येईल, "असंच." तेव्हा खुशाल नीट करून घ्या. पण एखाद्या वेळी मूल थोडं थांबेल. तेव्हा आपणही थांबायचं.

माझ्याकडे लाल पेन अजून आहे. शुद्धलेखनाला लागतोच. गोष्टींच्या वह्या मात्र आता पेन्सिलने तपासते.